शाळेच्या बसमधील जुने कॅमेरे बदलताना

इंदूरच्या बायपासवर ५ जानेवारी २०१८ रोजी शाळेच्या बसला झालेला अपघात येथील पालक अजून विसरलेले नाहीत. त्यामुळे बसमधील जुने कॅमेरे बदलण्याचे हे काम केवळ तपासणीपुरते उरकू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रथम प्रत्येक बसमधील जुने चित्रण संगणकावर उघडून पाहावे, कारण कॅमेऱ्याचा दिवा लागलेला असूनही चित्रण होतच नाही, असे पुष्कळदा आढळते. नवे कॅमेरे दरवाजा, चालक, आसनांची मार्गिका आणि समोरचा रस्ता असे चार ठिकाणी बसवावेत. दरवाजाच्या कॅमेऱ्यात पायरी आणि तिच्याबाहेरची जमीन दिसलीच पाहिजे. लहान मूल चढता-उतरताना नेमके तेथेच नजरेआड होते.

साठवणीचा हिशेब आधीच करावा. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा तासाला सुमारे ०.९ जीबी जागा घेतो. चार कॅमेरे रोज चार तास चालले, तर ३० दिवसांना सुमारे ४३२ जीबी लागतात. धक्के सहन करणारी ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेले साठवणीचे साधन) घ्यावी, साधी हार्ड डिस्क नको. चित्रण साठवणारा रेकॉर्डर मे महिन्यातील उन्हात तापणार नाही अशा हवेशीर जागी ठेवून कुलूपबंद करावा, आणि बसची बॅटरी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे पाहूनच जोडणी करावी.

चित्रण कोण पाहणार आणि ते कधी पुसले जाणार, हे पालकांना लेखी कळवावे. त्यानंतर एकाच बसवर पंधरा दिवस चाचणी घेऊन मगच उरलेल्या बसचे काम द्यावे.