शेवटची ऑर्डर: व्यक्तिचित्राच्या वाटेवर नव्याने निघालेल्यांसाठी

व्यक्तिचित्राची ऑर्डर घेताना आधी एक गोष्ट विचारून घ्या: चित्र पसंत कोण करणार? घरात मुलं, सुना, जावई सगळे असतात आणि प्रत्येकाच्या मनातले वडील वेगळे असतात. एकाचंच नाव कागदावर लिहून घ्या. त्याच कागदावर चित्राचा आकार, मुदत आणि निम्मा विसार. जी.डी. आर्टची पदविका किंवा बी.एफ.ए.ची पदवी करताना हे कुणी शिकवत नाही.

नाशिकच्या तांबट आळीतल्या अण्णांचं तैलचित्र ही मी घेतलेली शेवटची ऑर्डर. त्यानंतर मी निफाडला, घरच्या द्राक्षबागेत पूर्ण वेळ गेलो. वडिलांच्यानं आता बाग होत नाही. ऑक्टोबरची फळछाटणी डोक्यावर होती, म्हणून कामाची आखणी शेवटाकडून केली. पावसाळी दमट हवेत तैलरंग सावकाश वाळतो, तेव्हा माणसाला समोर बसवून रंगवायच्या बैठका आषाढातच उरकायच्या, श्रावण-भाद्रपद वरच्या थरांसाठी ठेवायचे. खालचा थर टर्पेंटाइनमध्ये पातळ, वर जाल तसं जवसाचं तेल वाढवत न्यायचं. घाईत हा क्रम उलटला तर पुढे रंगाला भेगा पडतात.

अण्णांच्या मुलांनी लग्नातला फोटो पाठवला होता. फेटा, फ्लॅश, ओढून आणलेलं हसू. अशा फोटोवरून काम करू नका. फ्लॅश समोरून पडतो आणि चेहऱ्याची घडण सांगणाऱ्या सावल्याच पुसतो. मोबाईल जवळ धरला असेल तर नाक मोठं होतं आणि कान मागे पळतात. माणूस हयात असेल तर बैठकीचा आग्रह धरा. दिवंगताचं काम असेल तर निरनिराळ्या वयांतले फोटो मागवा आणि चेहरेपट्टी जुळणाऱ्या भावाला किंवा मुलाला खिडकीपाशी बसवून सावल्या अभ्यासा.

अण्णा काही केल्या खुर्चीत टिकेनात. "नुसतं बसलं की आजारी असल्यासारखं वाटतं हो," म्हणाले. मग बैठक त्यांच्याच दुकानात हलवली. पाटावर बसून, एका हातात हातोडा आणि मांडीशी अर्धा मठारलेला तांब्याचा हंडा. पाटाभोवती खडूची खूण, वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती, चहा, पुन्हा त्याच खुणेत. बोलू द्यायचं, फक्त ओठ रंगवताना गप्प बसवायचं.

आणि तिथे जे दिसलं ते स्टुडिओत कधीच दिसलं नसतं. उत्तरेकडच्या खिडकीचा थंड उजेड कपाळावर आणि गालफडावर, तर हंड्यावरून परतलेला तांबूस उजेड हनुवटीखाली. एरवी आपण जिथे सरसकट बर्न्ट अंबरचा गडद तपकिरी फासतो, त्या सावलीत नारिंगी झाक होती. ती आणली लाइट रेड, यलो ऑकर आणि अगदी कणभर कॅडमियम ऑरेंज मिसळून. पांढरा अजिबात नाही, नाहीतर सावली खडूसारखी फिक्कट होते. उबदार उजेड चेहऱ्यावर कसा खेळतो हे शिकायचं असेल तर चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' हे चित्र बघा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि तैलरंगात नव्हे, जलरंगात. त्यातल्या स्त्रीच्या हातातल्या दिव्याचा उजेड बोटांच्या कडांतून झिरपतो, तिथे मी बराच वेळ उभा होतो.

थोरल्या मुलाने, म्हणजे कागदावर नाव होतं त्याने, चित्र पाहून दोन बदल सुचवले. शर्ट पांढरा हवा आणि नखं स्वच्छ. शर्ट पांढरा करून दिला. नखांतला काळेपणा आणि उजव्या अंगठ्याचं जाड कातडं तसंच ठेवलं. त्याला चित्रासमोर बसवून सांगितलं की हे हात काढून घेतले तर उरेल तो कुणाचाही चेहरा. त्याला पटलं. गिऱ्हाईकाचं कुठे ऐकायचं आणि कुठे नाही, हे आधी स्वतःशी ठरवलेलं असलं की वाद होत नाही.

शेवटचं काम म्हणून त्यात काही जास्तीचं ओतायचा मोह मला झाला, पार्श्वभूमीला गोदाघाट घालावा असंही वाटलं. पण ते माझ्या निरोपाचं चित्र झालं असतं. ऑर्डर अण्णांची होती.

चित्र छाटणीच्या आत पोचलं, पण वार्निश लगेच करत नाहीत. रंग पुरता वाळायला सहा महिने तरी द्यावे लागतात. तोवर देवघराच्या भिंतीवर लावू नका, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर बसतो, असं घरच्यांना बजावलंय. एप्रिलची खरड छाटणी उरकली की रुंद ब्रश आणि वार्निशची बाटली घेऊन मी तांबट आळीत जाणार आहे. त्या फेरीचे पैसे ऑर्डरमध्येच धरले होते. तुम्हीही धरत जा.