माळावर मेख टिकेना, मग आडवा दोर

सोलापूरजवळच्या नान्नजकडच्या माळावर, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेर मुक्काम केला की रात्री घोडा मेख हमखास उपटायचा. वर वीतभर मुरूम, खाली खडक. मेख धरणार कुठे? शिवाय लांब दाव्यात पाय अडकून खुरामागची कातडी सोलते, ते वेगळंच.

आता दोन कडुनिंबांमध्ये 7 फूट उंचीवर आडवा दोर ताणतो. आधी खोडाला गोणपाट, नाहीतर साल जाते. दोराच्या मध्यावर पक्की गाठ हवी, म्हणजे दावं सरकून घोडा खोडाला भिडत नाही. दावं एवढंच, की तोंड खालच्या कडब्याला पोचेल पण ढिला फेरा जमिनीवर लोळणार नाही. बांधताना सुरगाठ, घोडा बुजला तर एका हिसक्यात सुटते.

पाणी दिवसाला 30-40 लिटर. शेजारच्या रानातले ज्वारीचे कोवळे फुटवे मात्र खाऊ देऊ नका, विषारी असतात.