समुपदेशन सुरू करताना या चुका टाळा

गेली एकोणीस वर्षे मी ठाण्यात, नौपाड्यातील एका दोन खोल्यांच्या जागेत, प्रौढ व्यक्तींचे वैयक्तिक समुपदेशन करते. या काळात येणाऱ्यांची वये बदलली, नोकऱ्या बदलल्या, पण पहिल्या दोन महिन्यांत होणाऱ्या चुका जशाच्या तशा राहिल्या. त्या आधीच कोणी सांगितल्या असत्या, तर कित्येकांचे श्रम आणि पैसे वाचले असते, म्हणून हे लिहीत आहे.

पहिली चूक शब्दापासूनच सुरू होते. ‘समुपदेशन’ या शब्दात उपदेश आहे, त्यामुळे माणसे उपदेश ऐकण्याच्या तयारीने येतात. वीस मिनिटे सगळे भडाभडा सांगतात आणि मग हात मांडीवर ठेवून विचारतात, “आता तुम्हीच सांगा, मी काय करू?” खरे तर सल्ल्यांची त्यांच्याकडे कधीच कमतरता नसते. आईने सांगितलेले असते, सासरच्यांनी सांगितलेले असते, ऑफिसातील वरिष्ठांनी आणि सोसायटीतील काकांनीही सांगितलेले असते. त्यांतला एखादा सल्ला उपयोगी पडला असता, तर ही व्यक्ती माझ्यासमोर बसलीच नसती. नोकरी सोडावी का, घटस्फोट घ्यावा का, आईवडिलांपासून वेगळे राहावे का, हे समुपदेशक ठरवत नाही. तो निर्णय घेताना तुमच्या आत नेमके काय अडते, ते तुमच्यासोबत शोधणे हे त्याचे काम असते.

मग पहिल्या सत्रात काय होते? साधारण पंचेचाळीस ते पन्नास मिनिटांपैकी बराचसा वेळ प्रश्नांत जातो. झोप कशी आहे, भूक कशी आहे, घरी कोण कोण आहे, पूर्वीचे आजार कोणते, औषधे कोणती चालू आहेत आणि त्रास जुना असेल तर आत्ताच यावेसे का वाटले, हे सारे विचारले जाते. संमतीपत्रावर सही घेतली जाते. ही चौकशी काहींना कोरडी वाटते आणि ‘आज काहीच झाले नाही’ अशी समजूत करून ती मंडळी परत येत नाहीत. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली उपचारातील सहकार्याचे तीन भाग मांडले: दोघांमधील नाते, दोघांनी मान्य केलेले उद्दिष्ट आणि त्यासाठी करायचे काम. ही तिन्ही एका बैठकीत उभी राहत नाहीत. त्यासाठी तीन-चार सत्रे द्यावी लागतात. मी पहिल्याच दिवशी एक वाक्य लिहून आणायला सांगते: तीन महिन्यांनी माझ्या रोजच्या दिवसात काय बदललेले असेल? ‘मला आनंदी व्हायचे आहे’ या उत्तरावर काम करता येत नाही. ‘रविवारी संध्याकाळी सोमवारच्या धास्तीने पोटात गोळा येऊ नये’ या उत्तरावर येते.

कोणाकडे जावे, याबद्दलची चूक थोडक्यात सांगते, कारण ती दुरुस्त करणे सोपे आहे. औषधे लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. समुपदेशक औषधे देत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. शिक्षण काय, अनुभव किती, शुल्क किती, ऐन वेळी सत्र रद्द केल्यास काय, हे फोनवरच विचारून घ्यावे. दोन शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम करून पाटी लावणाऱ्यांविषयी आणि ‘तीन बैठकांत नैराश्यमुक्ती’ अशा जाहिरातींविषयी माझे मत कठोर आहे आणि ते मी लपवत नाही. दुसऱ्याच्या दुखऱ्या मनाला हात घालण्यासाठी वर्षानुवर्षांची तयारी लागते. शिवाय सतत थकवा आणि उदासी असेल, तर एकदा थायरॉईडची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी, कारण शरीरातील कमतरताही मनाच्या आजारासारखी दिसू शकते.

ठाणेकरांची म्हणून एक खास अडचण आहे. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा सर्रास केली जाते, कारण प्रादेशिक मनोरुग्णालय इथे आहे. ती थट्टा ऐकत वाढलेला माणूस मदत घेताना अपराध्यासारखा वागतो. ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून पाचपाखाडीतला माणूस थेट नवी मुंबईतल्या नेरूळचा समुपदेशक शोधतो आणि घोडबंदर रोडवरची बाई वाशीला जाते. दोन-तीन आठवडे उत्साहाने ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली जाते, मग ऑफिस सुटायला उशीर होतो, एक सत्र चुकते, दुसरे चुकते आणि सगळेच सुटते. ज्या शहराच्या नावाने ही थट्टा होते, त्याच शहरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचे काम १९९० पासून उघडपणे आणि आदराने चालू आहे, हे आपण विसरतो. दर आठवड्याला थकून गेल्यावरही जिथे पोहोचता येईल, तीच जागा निवडावी. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद त्याला आहेत आणि ते अपवाद समुपदेशकाने पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवेत. त्याने सांगितले नाही, तर तुम्ही विचारा.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त हळहळ वाटते, तिच्याकडे येते. सांगायची खरी गोष्ट शेवटच्या मिनिटापर्यंत खिशात ठेवायची आणि निघताना दारात सांगायची, ही ती चूक.

एका गृहस्थांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, त्यांचा अनुभव लिहिते. ऐरोलीत नोकरी करणारे हे चाळिशीतले गृहस्थ दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता यायचे. पाच मिनिटे आधी हजर, हातात लहान वही आणि वहीत क्रमाने लिहिलेले मुद्दे: साहेबांशी होणारे खटके, हुकलेली बढती, घरी मुलांवर निघणारा राग. पाच सत्रे आम्ही कामाच्या ताणावर घालवली. चिडचिड केव्हा होते याच्या नोंदी त्यांनी नेमाने ठेवल्या, सांगितलेले श्वसनाचे व्यायाम केले, आणि फरक मात्र काडीचाही पडला नाही. सहाव्या गुरुवारी सत्र संपवून ते बाहेरच्या खोलीत गेले, चपलांच्या मांडणीपाशी वाकून सँडलचा पट्टा लावू लागले आणि मान वर न करता म्हणाले, “मॅडम, एक राहिलंच. बाबा गेले त्या रात्री हॉस्पिटलमधून मला तीन फोन आले होते. मी क्लायंटच्या कॉलवर होतो. उचलले नाहीत.” आठच्या सत्राला आलेल्या बाई शेजारी बाकावर बसलेल्या होत्या. त्यांच्यादेखत मी एवढेच म्हणू शकले की पुढच्या गुरुवारी आपण यानेच सुरुवात करू.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्याही नाहीत. मी एकदा फोन केला, तो उचलला गेला नाही. चार महिन्यांनी ते परत आले आणि म्हणाले, की दारात ते बोलून गेल्यावर इतकी लाज वाटली, की या गल्लीतून जायचेही टाळत होतो. जुन्या नोंदी आम्ही पुन्हा काढल्या. अकरापैकी नऊ नोंदींत चिडचिड फोन वाजल्यावरच झालेली होती. ते वाक्य पहिल्या दोन सत्रांत आले असते तर काम तिथूनच सुरू झाले असते, आणि त्या नोंदी मी नीट वाचल्या असत्या तर मलाही ते विचारता आले असते. ही माझीही चूक होती. त्या दिवसापासून सत्र संपायला पंधरा मिनिटे उरली, की मी हातातील लेखणी खाली ठेवून विचारते, “आज न सांगता परत घरी नेत आहात, असं काही आहे का?”

तुमच्या बाजूने करण्याजोगे हे: आदल्या रात्री एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहा. त्यांतली जी ओळ खोडावीशी वाटेल, तीच महत्त्वाची आहे असे धरून चाला आणि तोंडाने सांगता येत नसेल, तर खुर्चीत बसताच ती चिठ्ठी समोर द्या. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या देणारे अनेक जण आहेत आणि चिठ्ठी वाचून झाल्यावर बोलणे जवळजवळ नेहमीच सुरू होते.

जगणे नको वाटण्याचे विचार येत असतील, तर मात्र चिठ्ठीचीही वाट पाहू नका, पहिल्या भेटीत पहिल्या वाक्यात सांगा. ते ऐकून कोणताही प्रशिक्षित समुपदेशक दचकत नाही किंवा रागावत नाही. सत्राला अजून अवकाश असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

काही चुकांना एकेक वाक्य पुरे आहे. रील पाहून स्वतःला आजाराचे नाव देऊन येऊ नका, लक्षणे सांगा. न सांगता जोडीदाराला सोबत आणू नका, कारण वैयक्तिक सत्राची खोली तुमच्या एकट्याची असते. ऑनलाइन सत्र माजिवड्याच्या वाहतूक कोंडीत, चालत्या गाडीतून घेऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली औषधे बरे वाटताच स्वतःहून बंद करू नका. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा परिणाम जाणवायलाच काही आठवडे लागतात आणि ती एकदम थांबवल्यास त्रास होऊ शकतो.

तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर अनेकांना आधीपेक्षा जड वाटू लागते. वर्षानुवर्षे बंद ठेवलेले कपाट उघडले, की खोलीत आधी पसाराच होतो. या टप्प्यावर ‘मला हे मानवत नाही’ असे स्वतःच ठरवून गुपचूप नाहीसे होणारे फार आहेत, आणि या उतावीळपणाचे मला वाईट वाटते, कारण नेमके तेव्हाच हाताला काहीतरी लागलेले असते. अर्थात प्रत्येक वेळी दोष येणाऱ्याचाच असतो असे नाही. समुपदेशक तुमचे बोलणे तोडत असेल, स्वतःचेच अनुभव सांगत बसत असेल, जात, धर्म किंवा लग्न यांवरून तुम्हाला तोलत असेल, तर खुशाल बदला. परंतु जाण्यापूर्वी एकदा तोंडावर सांगून पाहा: “मागच्या वेळी तुम्ही असं म्हणालात, ते मला लागलं.” चांगला समुपदेशक ते वाक्य ऐकून सावरून बसतो आणि त्या दिवशीचे सत्र त्याच वाक्यावर होते. आणि थांबायचेच असेल, तर मेसेज करून थांबू नका, एक सत्र आधी सांगा. शेवटच्या भेटीत आतापर्यंत काय हाती लागले, काय राहिले आणि पुन्हा त्रास उचल खाऊ लागला तर त्याची पहिली खूण कोणती असेल, हे लिहून घेता येते. माझ्याकडे त्यासाठी वेगळी पिवळ्या कागदाची वही आहे. लिहिलेले पान मी फाडून त्या व्यक्तीच्या हातात देते आणि ते पाकिटात ठेवायला सांगते.