ताजं आमिष की ल्युअर? अँगलिंग गाईडच्या कामात नव्याने येणाऱ्या पोरांसाठी

ऑक्टोबर लागला, पाऊस सरला की कुणा ना कुणा पोराचा मेसेज येतोच, दादा मला पण पर्यटकांना मासे गरवायला न्यायचं काम करायचंय, कुठले ल्युअर (खोटी आमिषं) घेऊ? पोरगं इथलंच असतं, देवगड, विजयदुर्ग, आचरा, मालवण, आणि व्हिडिओ बघून बघून पॉपर, स्टिकबेट, मेटल जिग सगळी नावं त्याला पाठ असतात, पण जिवंत कोळंबी गरीला कशी लावतोस म्हणून विचारलं की समोरून गप्प. तर सगळ्यांना एकदाच सांगतो. पहिला सीझन पूर्ण ताज्या आमिषावर काढा, ल्युअरला हात नंतर लावा.

आमिष स्वस्त पडतं हे आहेच, पण मुद्दा तो नाही. ताजी फडफडीत कोळंबी तासभर पाण्यात राहिली आणि कुणी टोचलंसुद्धा नाही तर त्या वेळेला त्या जागेवर मासा नाही हे बऱ्यापैकी पक्कं समजायचं. ल्युअरला काही लागलं नाही तर मासा नव्हता, का रंग चुकला, का ओढायचा स्पीड चुकला, का लेव्हल चुकली, का पाणीच गढूळ होतं, यातलं काय ते नवख्याला कधीच कळत नाही, तो आपला डब्यातले रंग बदलत बसतो आणि दिवस जातो. आणि गाईडला लोक पैसे देतात ते जागा आणि वेळ माहीत असण्याचे, कास्टिंग काय त्यांना पण येतं.

आमच्याकडे एक म्हातारे तात्या आहेत, हयात खाडीवर गेलेली, ते एकच वाक्य बोलतात, "अरे आदी पानी बघ, मगे गरी टाक." पाणी बघायचं म्हणजे नक्की काय बघायचं, तर पहिलं गढूळपणा. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचे पाय दिसतात का बघा. दिसत असतील तर ल्युअर चालेल, कारण ल्युअर हा मुळात डोळ्यांना आणि पाण्यातल्या थरथरीला फसवायचा प्रकार आहे, त्याला वास नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना आडवी रेघ असते ना, तिने त्याला पाण्यातली हालचाल कळते, त्यामुळे थोड्याफार गढूळ पाण्यात आत गोळ्या खुळखुळणारा ल्युअर अजून काम करतो, पण चहासारखं पाणी झालं की विसरा. तेव्हा वासच लागतो, म्हणजे ताजं आमिष. मुंबई-रायगडकडच्या खाड्यांत चिखल जास्त, उधाणाला तिकडे पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं, आमच्याकडे त्याच्या साधारण निम्मं, म्हणून तिकडे पाणी जास्त ढवळतं आणि तिकडची जुनी माणसं जिवंत आमिषाशिवाय बोलत नाहीत ते उगाच नाही. आमच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, काचेसारखं पाणी मिळतं, तेव्हा ल्युअरवाल्यांची चंगळ. एकच माणूस दोन्हीकडे गेला तर त्याचं मतसुद्धा बदलेल.

दुसरं बघायचं ते उधाण का भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, करंट जोरात, शिसं तळाला टिकत नाही, कचरा वाहून येतो आणि गरीला नुसतं शेवाळ. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी संथ आणि जरा निवळ. खाडीच्या तोंडावर भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी सुरू झाल्यावरचा पहिला तास हा माझा आवडता टाईम, पाणी थांबलं की मासा पण थांबतो. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा आज सकाळी ७ ला मिळालं म्हणून कस्टमरला उद्याचं ७ चं बुकिंग देऊ नका, तिथीवरून हिशोब करा नाहीतर भरतीचा तक्ता बघा.

आता आमिष. "ताजं" हा शब्द लोक फार सैल वापरतात. डोकं काळं पडलेली, पाणी सुटलेली, फ्रीजमधून काढलेली कोळंबी म्हणजे ताजं आमिष नाही, तिला शिंगाळा आणि कुर्ल्या येतील, बाकी कोण नाही. सकाळी जेटीवर लिलाव होतो तिथे जा, आमिषाच्या साईजची कोळंबी, तारली, म्हाकूल (स्क्विड) मिळेल ते घ्या आणि बर्फाला डायरेक्ट लावू नका, पिशवीत घालून बर्फावर ठेवा, वितळलेल्या गोड्या पाण्यात भिजली की कोळंबी पांढरी फटक आणि मऊ होते. तारली तर इतकी नरम की जोरात फेकली की गरी एकीकडे आणि तारली दुसरीकडे, तिला आदल्या दिवशी खडा मीठ लावून ठेवायचं म्हणजे घट्ट होते, नाहीतर बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गुंडाळायची. जिवंत कोळंबीला गरी डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी लावायची, आत एक काळा ठिपका दिसतो त्याच्या पुढून, ठिपक्याला लागलं की कोळंबी मेली. जिवंत बोय मासा असेल तर वरच्या ओठातून किंवा पाठीवरच्या पंखाच्या मागून, मणक्याला न लावता.

म्हाकूल कापताना बघून घ्या, कारण इथे सगळे घाई करतात. लांबट त्रिकोणी पट्टी कापायची, बोटाएवढी लांब, गरी फक्त अरुंद टोकाला एकदाच घालून बाहेर काढायची आणि बाकी पट्टी मोकळी सोडायची. करंटमध्ये ती फडफडते. नवीन पोरं तीच पट्टी गरीत तीनदा ओवून गोळा करतात, मग ती पाण्यात गोल गोल फिरते आणि तंगुसाला (गरीच्या दोरीला) पीळ पडतो. बरं ही पट्टी नीट फडफडली तर तुम्ही अर्धं ल्युअरचंच काम करताय, वास पण आहे आणि हालचाल पण.

बोय पागाने (फेकायच्या जाळ्याने) पकडायची शिका, विकत घेऊन हे काम परवडत नाही. बादलीत बॅटरीवरचा एअर पंप लावा, गर्दी करू नका, बादली सावलीत ठेवा, आणि पाणी त्याच जागेचं घ्या, खाडीच्या आतलं निमखारं पाणी आणि तोंडावरचं खारं पाणी यात फरक असतो, बोय सहन करते पण कोळंबी मरगळते.

कुठला मासा कशाला येतो ते पाठ करून होत नाही पण मोटामोटी सांगतो. मुडदुशी, पालू, शिंगाळा ही वासाची गिऱ्हाईकं, वाळूवर नाहीतर खडकाच्या बुडाला छोटी गरी आणि कोळंबीचा तुकडा, मुडदुशीला तर ल्युअर दाखवायच्या भानगडीत पडूच नका. जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, तो दोन्हीला येतो, पण जिवंत बोयला जास्त खात्रीने येतो आणि ल्युअरला आला तर ल्युअर थांबल्यावर येतो, म्हणजे दोन-तीन वेळा रील फिरवा, थांबा, परत फिरवा, आणि हात त्या थांबण्याच्या वेळी तयार पाहिजे. तांबोशी कांदळवनाच्या मुळांत, पुलाच्या खांबाला, जेटीखाली, तिला सॉफ्ट प्लास्टिक (रबरासारखा मऊ ल्युअर) भारी चालतं. गोबरा खडकाच्या बिळातला, घेतला की सरळ घरात घुसतो, त्याला ड्रॅग (रीलचा ब्रेक) टाईट ठेवून पहिल्या सेकंदातच वर ओढावं लागतं. कोकर मात्र खरा ल्युअरचा मासा, पहाटे खडपावर पॉपर (पाण्यावर फटफट करत येणारा ल्युअर) जोरात ओढला की मागून येऊन आदळतो, तिथे म्हाकूल घेऊन बसणाऱ्याला त्या दिवशी मी खरंच वेडा म्हणेन.

ल्युअर घ्यायला लागाल तेव्हा पूर्ण डबा भरू नका. माझ्या मते चार प्रकार पुरतात, एक तरंगणारा ओठवाला प्लग (माशाच्या आकाराचा कडक ल्युअर) मध्यम साईजचा, दहा-चौदा ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गरीवर) शेपटी हलणारं चार इंची सॉफ्ट प्लास्टिक, एक पॉपर आणि वीस-तीस ग्रॅमचा चकचकीत स्पून. प्लगचा ओठ जेवढा मोठा तेवढा तो खोल जातो, उथळ खाडीत छोट्या ओठाचाच घ्या नाहीतर प्रत्येक फेकीला चिखल उकरत येईल. रंगाचं फार डोक्यात घेऊ नका, निवळ पाण्यात चंदेरी-निळा, गढुळात सोनेरी किंवा पिवळा-हिरवा, अंधुक उजेडात काळा, कारण खालून बघणाऱ्याला काळी आकृती स्पष्ट दिसते. फिनलंडच्या लॉरी रापालाने १९३६ साली पहिला ल्युअर बुचाच्या लाकडाचा कोरला तो जखमी माशासारखा हेलकावे खावा म्हणून. आजही बघायचं तेच, रॉडशेजारी पाण्यात ओढून बघा, ल्युअर एका कडेला कलंडत असेल तर पुढची कडी पक्कडीने किंचित वळवून सरळ करा.

केंडांचं (फुगणाऱ्या माशांचं) एक सांगायलाच पाहिजे. सॉफ्ट प्लास्टिक वर आलं आणि शेपटी कात्रीने कापल्यासारखी अर्धगोल गायब असेल तर खाली केंडांचा थवा आहे, जागा सोडा, नवीन शेपट्या वाया घालवू नका. हेच केंड ताजं आमिष पण दोन मिनिटांत साफ करतात, फक्त तिथे निदान नुकसान दहा रुपयांचं होतं.

पैशाचं गणित असं की बरा ब्रँडेड ल्युअर सात-आठशे ते हजार-बाराशेच्या घरात, आणि आमच्या खडपावर नवख्या कस्टमरच्या हातून तो अडकणारच. दिवसाचे दोन गेले की तुमची कमाई तिथेच खडकाला लटकते. म्हणून बुकिंग घेतानाच स्पष्ट बोला की अडकून गेलेल्या ल्युअरचे पैसे वेगळे, मागाहून बोललं की तोंडं वाकडी होतात. ब्रेडेड लाईनच्या पुढे चाळीस-साठ पौंडाचा लीडर (गरीजवळचा जाड तंगूस) लावाच, जिताड्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते.

कस्टमर दोन जातीचे. पुण्या-मुंबईचं कुटुंब, पोरंबाळं, त्यांना दोन मासे लागले आणि संध्याकाळी तळून मिळाले की झालं, त्यांच्या हातात ल्युअर देऊन दिवसभर फेकायला लावणं म्हणजे त्यांना छळणं. तिहेरी गऱ्यांचा ल्युअर लहान मुलाजवळ नकोच, आणि कुणाच्याही हातात द्यायच्या आधी गरीचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. दुसरे ते फोटो काढून सोडून देणारे, स्वतःचं सगळं सामान घेऊन येतात. ते ल्युअरच मागणार आणि त्यांचं एक खरं आहे, ल्युअरला मासा बहुतेक ओठालाच लागतो, सोडला तर जगतो. जिवंत आमिष तो गिळतो आणि गरी पोटात जाते. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते, म्हणजे फोटोतला तो मोठ्ठा जिताडा जवळजवळ नक्की अंडी घालणारी मादी आहे. अशांना आमिषावर मासा लावायचाच असेल तर सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) वापरा, आणि दहा वेळा बजावा की झटका मारायचा नाही, नुसतं रील फिरवत जायचं, गरी आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसते. ऐकत नाहीत, झटका मारतातच, मग मासा गेला की तुमच्याकडे बघतात.

आणि पाणी गढूळ असेल तर ल्युअरवाल्या कस्टमरला आदल्या रात्री फोन करून सांगा, येतोयस तर ये पण कोळंबीची तयारी ठेव. एखादं बुकिंग जाईल. न सांगता आणलंत तर तो माणूस परत येत नाही आणि त्याचे मित्र पण येत नाहीत.

मालवणात काम करणार असाल तर सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा भाग गाभ्यात येतो, तिथे ल्युअर काय नि आमिष काय, गरी टाकायचीच नाही. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि त्या दिवसांत खडपावर पण कस्टमर नेऊ नका, लाट कुठून येते दिसत नाही. ते महिने सामानाला द्या. रील गोड्या पाण्याने धुवून ग्रीस करा, गंजलेल्या तिहेरी गऱ्या काढून सिंगल लावा. आणि सॉफ्ट प्लास्टिक नि कडक ल्युअर एका कप्प्यात ठेवू नका, उन्हाळ्यात दोन्ही एकमेकांत वितळून चिकटतात आणि डबा उघडल्यावर रंगीत चिखल मिळतो.