चायनीज लिहा-वाचायला शिकायचंय? पुस्तक मागवायच्या आधी जरा थांबा

कुपवाड एमआयडीसीत आमच्याकडं दोन मशीन आहेत, एक चीनचं, एक तैवानचं. पॅनलवरचं वाचता यावं म्हणून मी हौसेनं 'झटपट शिका' छापाचं एक पुस्तक ऑनलाइन मागवलं आणि उघडून बघतो तर सगळं रोमन लिपीत, चिनी अक्षर औषधालासुद्धा नाही. पैसे पाण्यात. त्यामुळं मधली दोन पानं बघायला मिळाल्याशिवाय पुस्तक घ्यायचंच नाही.

आधी लिपी कुठली ते ठरवा. चीनमध्ये आणि सिंगापूरला सिम्प्लिफाइड म्हणजे सोपी केलेली चालते, तैवान-हाँगकाँगला ट्रॅडिशनल म्हणजे जुनी. माझ्या चिनी मशीनवर 'चालू'चं अक्षर चार रेघांचं आहे, दोन आडव्या आणि त्यांच्यातनं खाली आलेले दोन पाय. तैवानच्या मशीनवर तेच अक्षर दोन फळ्यांच्या दारात बसवलेलं, बारा रेघांचं. 'बंद'चंही तसंच, चीनमध्ये लिपी सोपी करताना दोन्हीची दारं काढून टाकली. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी महिनाभर चुकीच्या मशीनसमोर उभा होतो म्हणा ना. कव्हरवर बऱ्याचदा सिम्प्लिफाइड की ट्रॅडिशनल लिहिलेलं असतं, बघून घ्या.

दुसरं म्हणजे पिनयिन, म्हणजे उच्चार दाखवायची रोमन पद्धत. पुस्तकं इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली, ती सांगतात 'बी' म्हणजे बॉयमधला ब. चूक! तो आपला प आहे, आणि 'पी' म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ, आणि 'झेड' तर चक्क 'चमचा'तला च, जो इंग्रजीवाल्यांना शिकवून शिकवून येत नाही आणि आपल्याला आईच्या दुधासोबत मिळालाय. म्हणून बेइजिंग खरं तर पेइचिंगच्या जवळ जातं. आवाजाचे चढउतार मात्र कागदावरनं कळत नाहीत, ऑडिओ नसलेलं पुस्तक घेऊ नका.

पण प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर शेवटच्या धड्यापर्यंत पिनयिन छापलेलं असेल तर तेही नको, डोळा आपोआप तिकडंच पळतो. एचएसके म्हणजे चीनची परदेशी लोकांसाठीची चिनी भाषेची परीक्षा, तिच्या जुन्या सहा लेव्हलच्या पद्धतीत पहिल्या दोन लेव्हलच्या पेपरात पिनयिन असायचं, तिसरीपासनं गायब. पहिल्या लेव्हलला १५० शब्द, चौथीला १२००. 'एचएसके स्टँडर्ड कोर्स' हे पुस्तक त्याच जुन्या पद्धतीवर आहे, सुरुवातीला ठीक, वर्कबुक वेगळं घ्यावं लागतं. २०२१ पासनं नऊ लेव्हलचं नवीन स्टँडर्ड आलंय, परीक्षाच द्यायची असेल तर आधी ते बघा.

लिहायला शिकवणाऱ्या पुस्तकात रेघांचा क्रम एकेक पायरीनं दाखवलेला पाहिजे. 'तोंड'चं अक्षर नुसता चौकोन, आपण चार रेघा मारू, पण ते तीनच: डावी उभी, मग वरची आणि उजवी एका दमात वळवून, शेवटी खालची. ही मोजणी चुकली की उच्चार माहीत नसलेला शब्द छापील डिक्शनरीत सापडत नाही, कारण असा शब्द तिथं रेघा मोजून शोधतात. शिवाय अक्षराचे भाग फोडून सांगणारं पुस्तक मिळालं तर सोनं. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'. बाई आणि घोडा मिळून 'आई', पण घोडा तिथं फक्त 'मा' या आवाजासाठी उभा आहे बिचारा. बहुतेक अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा, एक आवाजाचा.

'रिमेंबरिंग सिम्प्लिफाइड हान्झी'च्या पहिल्या भागात १५०० अक्षरं गोष्टी करून लक्षात ठेवायला लावतात, पण उच्चार शिकवत नाहीत, एकटंच घेऊन बसू नका. वाचनासाठी 'मँडरिन कंपॅनियन'ची छोटी पुस्तकं बघा, पहिल्या लेव्हलला ३०० अक्षरांच्या आसपास खेळ असतो.

सरावाची छापील वही मागवायची गरज नाही. सांगलीत कुठल्याही स्टेशनरीत गणिताची चौकटीची वही घ्या, दोन बाय दोन चौकटी मिळून एक घर धरा, मधल्या रेषा आपोआप क्रॉस होतात, चिनी पोरांच्या वहीत अगदी तसंच घर असतं.