सारेगम वाजवणारा प्रोग्रॅम लिहिताय? या चुका टाळा

पेटी शिकलेला माणूस पायथनकडे वळला की चार दिवसांत संगणकाकडून भूप वाजवून घ्यायला बसतो. मीही बसलो होतो. विंडोजवर हे सोपं आहे: विनसाउंड मॉड्यूल पायथनसोबतच येतं. त्यातल्या बीप फंक्शनला आवृत्ती (सेकंदाला किती कंपनं, म्हणजे हर्ट्झ) आणि कालावधी दिला की सूर वाजतो. मॅक आणि लिनक्सवर मात्र हे मॉड्यूल नाही, तिथे ते शोधत बसू नका.

पहिली चूक गणिताची. सा 240 हर्ट्झ धरला तर तार सा 480. मधे 12 पायऱ्या, म्हणजे दर पायरीला 20 हर्ट्झ, असा हिशेब आपण करतो. मग सातव्या पायरीवरचा पंचम 380 ला जातो. खरा पंचम 360 च्या आसपास हवा, म्हणून ऐकताना दात आंबतात. सप्तकाच्या पायऱ्या बेरजेने चढत नाहीत, गुणाकाराने चढतात. दर पायरीला साधारण 1.0595 ने गुणायचं, म्हणजे पंचमासाठी 240 * 2 ** (7/12). घात दाखवायला ^ लिहू नका. पायथनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ वेगळा आहे, 2^7 चं उत्तर 5 येतं!

उत्तर 359.6 येईल. बीपला पूर्णांकच लागतो, अपूर्णांक दिला की एरर. इंट वापरलं तर ते अपूर्णांक छाटतं आणि 359 उरतात, जवळचा पूर्णांक देणारं राउंड वापरा, 360 मिळतील.

आता आपल्या लिपीची गंमत. डिक्शनरीत, म्हणजे सूर आणि त्याची आवृत्ती यांच्या यादीत, ‘सा’, ‘रे’, ‘ग’ असे सूर ठेवले, ‘सारेगपध’ अशी ओळ दिली आणि लूप फिरवला, तर पहिल्याच फेरीत ‘स’ सापडत नाही म्हणून की-एरर येते. डिक्शनरी तर बरोबर दिसते! अख्खी संध्याकाळ मी शुद्धलेखन तपासत होतो. खरी गोष्ट अशी की पायथनला ‘सा’ हे एक अक्षर दिसत नाही. त्याच्या लेखी स वेगळा आणि काना वेगळा, ‘सा’ची लांबी 2. म्हणून ‘सा रे ग प ध सां’ असं मोकळं लिहा आणि स्प्लिट करून, म्हणजे मोकळ्या जागांवर तोडून, मग लूप फिरवा.

वेळेचाही घोळ होतो. बीप मिलिसेकंद मोजतं, प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं स्लीप सेकंद. अर्ध्या सेकंदाच्या विरामासाठी स्लीपला 500 दिलेत, तर प्रोग्रॅम सव्वाआठ मिनिटांहून जास्त गप्प बसेल आणि तुम्हाला तो अडकला असं वाटेल. विराम म्हणून बीपला 0 आवृत्तीही चालत नाही, किमान 37 लागते.

फाइलला विनसाउंड हेच नाव देऊ नका. पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उघडतो आणि ‘बीप नाही’ म्हणतो.

एवढं करूनही गंधार किंचित चढा वाटला, तर ती तुमची चूक नाही. सूत्राने तो 302 येतो, तानपुऱ्याशी जुळणारा 300 असतो. आपल्या पेटीचाही तोच दोष. पेटीत हे वाजवता वाजवता बदलता येत नाही, इथे मात्र गंधारापुढे थेट 300 लिहून टाका.