मुए थाई शिकताय? सिनेमातून उचललेल्या या चुका टाळा

नवीन मुलं क्लासला येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, उडी मारून गुडघा कधी शिकवणार?" माझं उत्तर ठरलेलं आहे: एका पायावर उभं राहता आलं की. मग त्यांना टीप मारायला लावतो, म्हणजे समोरच्याच्या पोटात चवडा रोवून त्याला मागे ढकलणारी साधी लाथ. बहुतेक जण लाथ मारतात आणि स्वतःच मागे कलंडतात. मुए थाई म्हणजे ठोसे, लाथा, गुडघे आणि कोपरांनी लढायचा थायलंडचा खेळ, आणि त्यातल्या निम्म्या चुकांचं मूळ इथेच असतं. तोल नाही, आणि तो कमवायला वेळ द्यायची तयारी नाही.

पडद्यावरची लढत रिंगमध्ये आणणं

थाई मारधाडपटांचा नट टोनी जा याचं मला मनापासून कौतुक आहे. 2003 सालच्या 'ओंग-बाक'मध्ये त्याने तारांचा किंवा संगणकाचा आधार न घेता जे करून दाखवलं, त्याने जगभरची पोरं या खेळाकडे वळली. 'टॉम यम गूंग'मधली (2005) जिन्याने मजल्यामागून मजला चढत जाणारी मारामारी जवळजवळ चार मिनिटं एकाच शॉटमध्ये घेतलेली आहे. तसा दम कमवायला वर्षं जातात. पण जा घडला तो स्टंट बसवणाऱ्या पन्ना रित्तिक्राईच्या हाताखाली, स्टंटच्या कामात. तो दाखवतो त्यात दोरी गुंडाळलेल्या हातांची जुनी थाई लढाई आहे, जिम्नॅस्टिक्स आहे आणि पडायची तयारी करून उभा असलेला स्टंटमन आहे.

रिंगमधला प्रतिस्पर्धी तुमच्यासाठी पडणार नाही. तुम्ही उडी मारलीत की दोन्ही पाय जमिनीवरून सुटतात, आणि हवेत असताना दिशा बदलता येत नाही. तो अर्धं पाऊल बाजूला सरकतो किंवा छातीत टीप घालतो, आणि तुम्ही पाठीवर आपटता. उडीचा गुडघा रिंगमध्ये चालतो, मोठमोठे खेळाडू त्यावर नॉकआउट घेतात. पण समोरचा दोरांना टेकला आहे आणि त्याची नजर वरच्या ठोशांवर आहे, हे हेरल्यावरच ते तो काढतात. ते हेरायची नजर व्हिडिओ बघून येत नाही.

नडगी 'कडक' करण्याचे घरगुती उपाय

या एका चुकीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण तिने पोरांचं नुकसान होताना पाहिलंय. कुणीतरी सांगतं की नडगीवर बाटली फिरवा, लाटणं फिरवा, काठीने हळूहळू ठोका, म्हणजे नसा मरतात आणि हाड लोखंडासारखं होतं. सिमेंटच्या खांबाला लाथा मारणारा खलनायक लोकांनी सिनेमात पाहिलेला असतो, आणि केळीच्या झाडाला लाथा मारणारे थाई खेळाडू व्हिडिओत. केळीचा बुंधा आतून पाण्याने भरलेला आणि मऊ असतो. जळगावकडच्या माणसाला हे सांगायला नको. तिथून कडुनिंबाच्या खोडावर जाण्यात काहीही शहाणपण नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता. चपळ, कष्टाळू, आणि घाई इतकी की सहा महिन्यांत लढत हवी. रोज रात्री तो वाळू भरलेली काचेची बाटली नडगीवर जोर लावून घासायचा. सूज दिसू नये म्हणून क्लासला लांब मोजे घालून यायचा. मी विचारलं तर म्हणायचा, "काही नाही सर, थोडं दुखतंय." एका संध्याकाळी जोडीदाराची लाथ त्याने नडगीवर अडवली. हलकी होती, सरावातली. हा तिथेच खाली बसला आणि उठेना. मोजा उतरवला तर नडगी गुडघ्याखाली काळीनिळी, हात लावू देईना. एक्स-रेमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. तो अख्खा पावसाळा घरी बसून गेला. त्याची आई मला भेटायला आली तेव्हा तिचा राग रास्त होता, कारण पोरगं काय करतंय हे घरात कुणालाच कळलं नव्हतं.

नडगीच्या पुढच्या आतल्या बाजूला स्नायूच नसतो. कातडी, तिच्याखाली हाडावरचं नाजूक आवरण, मग थेट हाड. बाटली घासून तुम्ही ते आवरण सुजवता, हाड घट्ट होत नाही. पुन्हा पुन्हा भार, मग विश्रांती, मग पुन्हा भार असं चक्र चाललं की हाड घट्ट होतं. थाई मुलं सात-आठ वर्षांची असल्यापासून सकाळ-संध्याकाळ पॅडवर आणि बॅगवर लाथा मारत मोठी होतात. त्यांच्या नडगीमागे ही वर्षं आहेत.

माझी सवय सांगतो. नव्या मुलाला मी लांब बॅगच्या मधल्या भागावरच मारू देतो, खाली नाही. भरण खाली बसून बॅगचं बूड दगडासारखं झालेलं असतं. लाथ पावलाने लागली की थांबवतो. पावलाची हाडं बारीक असतात, लागायला हवी ती नडगीच. दुसऱ्या दिवशी हाडावर बोट दाबून एकाच ठिकाणी कळ आली तर त्या पायाला सुट्टी.

आणि नडगी कितीही तयार असली तरी आंधळी लाथ महागात पडते. मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) लढतीत अँडरसन सिल्वाने 2013 च्या डिसेंबरमध्ये ख्रिस वाइडमनला मांडीवर लाथ मारली, वाइडमनने ती अडवली आणि सिल्वाचा पाय मोडला. 2021 मध्ये खुद्द वाइडमनचा पाय उराया हॉलने लाथ अडवताच तसाच मोडला. आधी ठोशांनी समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आणा, मग लाथ. सुरुवातच मांडीवरच्या लाथेने करणाऱ्यांना मी रोज हेच सांगतो.

मान वाकवून क्लिंचमध्ये शिरणं

तालमीतून आलेली पोरं क्लिंच, म्हणजे उभ्याने मान-खांदे धरून केलेली झोंबी, सगळ्यात लवकर शिकतात. पकड, खांद्यातली ताकद, समोरच्याचा तोल ओळखणं हे त्यांच्यात आधीच असतं. पण कुस्तीची सवय डोकं खाली घालून पुढे झुकायची, आणि थाई क्लिंचमध्ये खाली आलेल्या डोक्याला गुडघा मिळतो. पाठ ताठ, खुबे समोरच्याच्या जवळ, मान उभी. त्यांना मी सुरुवातीला गुडघे मारूच देत नाही, नुसतं एकमेकांचा तोल घालवायला लावतो.

बाकीचे मात्र क्लिंच टाळायलाच बघतात, कारण ती दिसायला रटाळ असते आणि दम काढते. 1982 साली डीझेलनोई या थाई खेळाडूने समार्त पायाकारूनला गुडघ्यांच्या जोरावर हरवलं. समार्त म्हणजे चार वजनगटांत बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियमचा विजेता, पुढे 1986 मध्ये बॉक्सिंगचाही जागतिक विजेता, आणि नंतर गायक-नट. अनेकांच्या मते थाई इतिहासातला सर्वात कुशल खेळाडू. त्यालाही सहा फुटांहून उंच डीझेलनोईची पकड सोडवता आली नाही. क्लिंच सोडून मुए थाई शिकता येत नाही.

लढत बघताना होणारी चूक

बँकॉकच्या राजदमनर्न स्टेडियममधली पारंपरिक लढत तीन मिनिटांच्या पाच राउंडची, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. पहिले दोन राउंड शांत जातात, आणि लोक म्हणतात, "हे लढतच नाहीत." ते एकमेकांना मापत असतात. निकाल मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या राउंडात ठरतो. ठोशांपेक्षा बरगड्यांवरची लाथ आणि गुडघा जास्त मोलाचा, आणि मारल्यावर कोण स्थिर उभा आहे हे पंच बघतात. पाचव्यात पुढे असलेला खेळाडू मागे सरकतो, तेव्हा तो घाबरलेला नसतो, त्याने लढत जिंकलेली असते.

वन चॅम्पियनशिप या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या लढती वेगळ्या. चार औंसांचे लहान ग्लोव्ह, बहुतेक तीन राउंड, समोरच्याला दुखापत करण्याला जास्त महत्त्व. त्या बघून मुलं तिथल्या रॉडटांग या थाई खेळाडूसारखी हनुवटी पुढे करून ठोसे घेतात. तो लहानपणापासून दोनशेहून जास्त लढती लढलाय. तुमचं डोकं उद्या कॉलेजमध्ये किंवा ऑफिसात लागणार आहे. के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेत तर कोपर नाही आणि क्लिंच जवळजवळ नाहीच, त्यामुळे ते बघून मुए थाईचे डावपेच ठरवू नका.

स्पारिंगला भांडण समजणं

थायलंडच्या कॅम्पमध्ये स्पारिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, हलकं चालतं, खेळीमेळीत. काही आठवड्यांवर लढत असलेला माणूस सरावात नाक फोडून घेणार नाही. आपल्याकडे मात्र पहिली लाथ जरा जोरात लागली की दुसरा दुप्पट जोरात मारतो, आणि तिसऱ्या मिनिटाला दोघंही काही शिकत नसतात. असं दिसलं की मी दोघांचे ग्लोव्ह काढतो आणि फक्त टीप व बॉडी किकवर (धडावरच्या लाथेवर) खेळायला लावतो. पुन्हा झालं तर तो आठवडा बॅगवर. कोपर स्पारिंगमध्ये पूर्ण बंद, पॅड बांधलेलं असलं तरी.

काही चुका एकेका ओळीत. लाथ मारताना उभ्या पायाची टाच वळली नाही तर गुडघा मुरगळतो. लाथेबरोबर दोन्ही हात खाली आले की हनुवटी उघडी पडते. माउथगार्ड खिशात ठेवून उपयोग नाही. थाई कॅम्पमध्ये सकाळी आठ-दहा किलोमीटर पळतात, तुम्ही निदान तीन पळा. लढतीआधीची वाय क्रू टाळू नका, गुरूंना आणि घराला केलेलं ते वंदन आहे.

आणि पहिल्या लढतीसाठी उपाशी राहून, घाम काढून चार-पाच किलो उतरवू नका. पाणी कमी झालेल्या शरीराला डोक्यावरचा मार जास्त बाधतो. आहे त्या वजनात नाव द्या, आणि नाव देण्याआधी पॅडवर पाच राउंड न वाकता काढून दाखवा.